सोफेवाल्या ताईची भुतं

ताईचं कुशनचं दुकान होतं. म्हणजे बसून बसून ज्यांची रया गेली आहे अशा सोफ्यांना आणि खुर्च्यांना पुन्हा माणसांत आणायचं दुकान. दारातच दोन-तीन खुर्च्या पाय वर करून पडलेल्या असायच्या. भिंतीला टेकवलेला फोम, कोपऱ्यात काथ्याचा ढीग, आणि मधोमध जमिनीवर बसलेली ताई, ओठांत चुका, म्हणजे बारीक खिळे, आणि हातात हातोडी. ओठांत चुका धरलेल्या असल्यामुळे ती गिऱ्हाइकांशी नाकातून बोलायची, आणि जे बोलायची त्यात कौतुक फारसं नसायचं. “यावर उड्या मारत होतात का?” हे तिचं स्वागताचं वाक्य होतं.

काम संपलं की ताई चहाचा कप घेऊन स्वतः त्या सोफ्यावर बसायची. चहा संपेपर्यंत एकदाही सावरून बसावंसं वाटलं नाही, तर सोफा पास. जरा कुठे टोचलं किंवा रुतलं, की चहा तसाच बाजूला ठेवून ती शिवण उसवायला घ्यायची. तिचा नवरा म्हणायचा, दुकान कुशनचं आहे की चहाचं, ते एकदा पाटीवर स्पष्ट लिहून टाक. नवऱ्याच्या अशा बोलण्याकडे ताई कानाडोळा करायची, आणि संसार त्यामुळेच टिकला होता.

या ताईचा धाकटा भाऊ म्हणजे ते प्रसिद्ध दिग्दर्शक. काळेकुट्ट, चमत्कारिक, भुताखेतांचे आणि तरीही मधेच खुदकन हसवणारे चित्रपट काढणारे. त्यांना पांढरी दाढी आली, परदेशातून बोलावणी आली, तरी ताईसाठी तो ‘छोट्या’च राहिला. एकदा एका वर्तमानपत्रात त्याच्याविषयी छापून आलं, की हा माणूस अंधाराच्या डोळ्यांत डोळे घालून पाहतो. ताई तेव्हा नेमकी एका खुर्चीची परीक्षा घेत बसली होती. तिला असा ठसका लागला, की खुर्चीचं कापड बदलून द्यावं लागलं.

कारण छोट्याइतका भित्रा माणूस तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

लहानपणी त्यांचं घर दुकानाच्या वर होतं. दुकान तेव्हा वडिलांचं. न्हाणीघर खाली, दुकानाच्या मागच्या बाजूला, म्हणजे तिथे जायचं तर सगळ्या दुकानातून जावं लागे. मोठ्यांना त्यात काही वाटायचं नाही. छोट्याला मात्र तिथे पोट फाटलेले सोफे दिसायचे, आतड्यासारखा बाहेर लोंबणारा काथ्या दिसायचा, आणि उलट्या टांगलेल्या खुर्च्यांचे पाय आपल्याकडे वळताहेत असं वाटायचं. त्याची बोबडी वळायची. मग ताई त्याचा हात धरायची आणि म्हणायची, “डोळे मीट. मी ‘झालं’ म्हणेन तेव्हाच उघड.”

व्यवस्था चांगली होती, पण ताई ती ताईच. वाटेत एखाद्या खुर्चीची चूक वर आलेली दिसली की ती थांबायची आणि अंगठ्याने दाबून बसवायची. कुठे शिवण सुटलेली दिसली तर वाकून बघत बसायची. भाऊ बिचारा डोळे घट्ट मिटून त्या राक्षसांच्या मधोमध उभा. ‘झालं’ काही येत नाही. मिटल्या डोळ्यांपुढे मग त्याला काय काय दिसायचं, ते पुढे सगळ्या जगाने तिकीट काढून पाहिलं. त्याच्या कल्पनाशक्तीचा उगम शोधताना विद्वानांनी मोठमोठी पुस्तकं धुंडाळली. न्हाणीघराची वाट कुणाला सुचली नाही.

त्याने पहिला चित्रपट काढायचं ठरवलं तेव्हा खिसा रिकामा आणि डोकं भरलेलं, अशी अवस्था होती. गोष्ट एका कपाटातल्या प्राण्याची होती. तो प्राणी घरातल्या माणसांचे कपडे घालून बघायचा, आणि ज्याचे कपडे त्याला नीट बसायचे, त्याला गिळून टाकायचा. छोट्या ताईकडे आला.

“ताई, एक राक्षस शिवून दे. बघितल्या बघितल्या माणसाची पाचावर धारण बसली पाहिजे.”

“देते की,” ताई म्हणाली.

तिने जुन्या सोफ्याचा काथ्या घेतला, गोणपाट घेतलं, रेक्झिनचे तुकडे घेतले. राक्षस झाला भयंकरच. पण जिच्यावर बसता येत नाही अशी वस्तू ताईच्या हातून होतच नव्हती. त्या राक्षसाला नकळत एक ऐसपैस मांडी झाली, पोट पाठीला आधार देईल असं, आणि दंड सोफ्याच्या हातांसारखे गुबगुबीत. ताईने रिवाजाप्रमाणे त्याच्या मांडीत बसून चहा घेतला आणि राक्षस पास केला. आत शिरायला माणूस हवा होता, तर दुकानात सोफे उचलणारा लंबू होताच. अंगाने ताडमाड, स्वभावाने गाय.

चित्रीकरणाच्या वेळी भाऊ कॅमेऱ्याशेजारी उभा राहिला. ताई त्याच्या मागे. कपाटाचं दार करकरलं, राक्षस बाहेर आला, आणि दिग्दर्शकमहाशयांनी डोळे मिटले. स्वतः लिहिलेला, बहिणीने शिवलेला, आत लंबू असलेला राक्षस. तरी मिटले. आणि सवयीने ‘झालं’ची वाट बघत राहिले.

मागे ताई बघत होती खांद्याची शिवण. लंबूने हात वर केला की ती ताणली जात होती. टिकते की उसवते, या काळजीत ‘झालं’ म्हणायचं ती साफ विसरली. इकडे लंबूचं घाबरवणं संपलं. थांब असं कुणी म्हणेना. तो जरा उभा राहिला. मग त्याने काख खाजवली. मग एका खुर्चीवर बसला, गुडघ्यांवर हात ठेवले आणि एक लांब सुस्कारा सोडला. शिवण टिकली. ताई समाधानाने म्हणाली, “झालं.” भावाने डोळे उघडले आणि म्हणाला, “कट.”

कॅमेरामन नवा होता, त्याला वाटलं हे असंच ठरलेलं आहे.

छोट्या मग चित्रपटाचे तुकडे जोडायला बसायचा तो भर दिवसा, सगळे दिवे लावून, बहिणीला शेजारी घेऊन. एवढ्याशा पडद्यावर त्याला तितकी भीती वाटत नसे. तो तुकडा त्याने पुन्हा एकदा लावून बघितला आणि म्हणाला, “ताई, हे काढायचं नाही.” चित्रपटगृहात लोक आधी किंचाळले, मग हसले, आणि तो राक्षस थकून बसला तेव्हा गप्प झाले. एक बाई तर डोळे पुसत बाहेर पडल्या. भुताचं कुणी नाही हो, असं नवऱ्याला म्हणाल्या.

तिथून गाडी जी सुटली ती सुटलीच. मोरीच्या जाळीखाली राहून केसांची घरटी विणणारी म्हातारी आली. गावातल्या सगळ्या सावल्या भाड्याने घेणारा दलाल आला. रडणाऱ्या मुलांचे आवाज बरणीत भरून ठेवणारं, तीन पोटांचं काहीतरी आलं. सगळी ताईने शिवली, सगळ्यांमध्ये लंबू शिरला, सगळ्यांना मांडी होती. आणि प्रत्येक वेळी भाऊ डोळे मिटून उभा, मागे ताई शिवणी बघण्यात गुंग. भुतं आपापलं काम उरकून रेंगाळायची, जांभया द्यायची, नखं बघायची. लोक याला त्याची शैली म्हणू लागले. मुलाखतीत कुणी विचारलं तर तो दाढीवरून हात फिरवत सांगायचा, “काम संपल्यावर भूत काय करतं, हे मला बघायचं असतं.” सगळं बघितलं होतं ते ताईने. पण भावाच्या थापेवर तिने कधी पाणी ओतलं नाही. खरी गोष्ट ठाऊक होती ती तिला, लंबूला आणि कॅमेरामनला, आणि तिघांचीही तोंडं शिवलेली होती.

दिवस मात्र एकसारखे राहत नाहीत. लोकांना भुतंही घाईची लागायला लागली. यायचं, खायचं, जायचं. लागोपाठ दोन चित्रपट आपटले. दिग्दर्शकांना बोलावणारे लोक त्यांचा फोन घेईनासे झाले. छोट्या मग दिवसच्या दिवस ताईच्या दुकानात येऊन बसायला लागला. बसायचा आणि फोमचे तुकडे चिमटीने कुरतडत राहायचा. ताई ओरडायची, “महाग असतो तो.” तो हात मागे घ्यायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा कुरतडायचा. हा असाच इथे बसून संपणार, असं तिला वाटायचं, आणि ती नको तितक्या जोरात हातोडी मारायची.

अखेर एक मोठी कंपनी पैसे घालायला तयार झाली. गोष्ट होती लोकांचं वाट बघणं खाऊन जगणाऱ्या एका प्राण्याची. जुन्या प्रतीक्षालयात तो बाकांखाली राहतो आणि जो वाट बघत बसेल त्याचं वाट बघणं हळूच चाटून टाकतो. मग त्या माणसाला आपण कुणासाठी थांबलो होतो तेच आठवत नाही, आणि तो उठून घरी जातो. शेवटच्या प्रसंगात आईची वाट बघत बसलेल्या मुलीसमोर हा प्राणी येतो. कंपनीने पैसे दिले, आणि सोबत एक गृहस्थ दिले. गळ्यात थांबघड्याळ, बोलणं मऊ. सगळे त्यांना घड्याळवाले म्हणू लागले.

घड्याळवाल्यांनी पहिल्याच दिवशी अट वाचून दाखवली. प्रसंग ठरलेल्या वेळेतच संपला पाहिजे. शेवटचा प्रसंग जर लांबला, तर चित्रपट पुढे दुसरे कुणीतरी पुरा करतील.

“नाव तुमचंच राहील,” ते आदराने म्हणाले.

“आणि चित्रपट?” छोट्याने विचारलं.

घड्याळवाल्यांनी अटीचा कागद घडी घालून खिशात ठेवला. माणूस वाईट नव्हता, नोकरी तशी होती.

तेवढ्यात लंबू घरच्या ओल्या फरशीवर घसरला आणि त्याचा पाय प्लास्टरमध्ये गेला. त्याच्या जागी एक कसरतपटू आणला. तो त्या प्राण्याच्या अंगात शिरून अशा काही उड्या मारायला लागला, की ताईने डोक्याला हात लावला. तासभरात दोन शिवणी उसवल्या आणि एक कान गळून पडला. कसरतपटू नम्रपणे म्हणाला, आत फार गुबगुबीत आहे, झोप येते.

“उतर,” ताई म्हणाली. “मी शिरते.”

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तशी ती घरात सगळ्यांत उंच, वडिलांवर गेलेली, आणि प्रत्येक भूत आतून नीट बसतंय की नाही हे आधी स्वतः शिरून बघायची तिची पद्धतच होती. तरी वय झालेलं. छोट्या तिला बाजूला घेऊन म्हणाला, “ताई, आत उकडतं. शिवाय तू आत गेलीस तर माझ्या मागे कोण उभं राहणार?”

“घड्याळवाले आहेत की.”

“चेष्टा नको. तुला माहितेय मी काय म्हणतोय.”

“छोट्या, हा चित्रपट गेला तर तू पुन्हा दुकानात येऊन माझा फोम कुरतडणार. ते मला बघवत नाही. आता कळलं?” ताई म्हणाली, आणि प्राण्याच्या पोटात शिरली.

प्राण्याच्या गळ्याशी बारीक जाळी होती, तिच्यातून बाहेरचं दिसायचं. पहिल्या वेळी ताई बाकाखालून सरपटत निघाली, मुलीसमोर उभी राहिली, जबडा उघडला. आणि ठरल्या क्षणाला भावाचा आवाज आला, “कट.” घड्याळवाल्यांचा चेहरा उजळला. इतक्या वेळेत या दिग्दर्शकाने आजवर काहीच संपवलं नव्हतं. ते हात मिळवायला पुढे झाले.

भाऊ हात मिळवायच्या मनःस्थितीत नव्हता. त्याने तो तुकडा लहानशा पडद्यावर पुन्हा बघितला आणि प्राण्यापाशी येऊन बसला.

“काय झालं?” ताईने आतून विचारलं.

“काहीच झालं नाही. तेच तर. आत तू आहेस हे माहीत होतं, मला भीतीच वाटली नाही. डोळे उघडेच राहिले. वेळेवर कट म्हणालो.”

“मग बरंच झालं.”

“मेलंय ते, ताई. एक प्राणी येतो आणि तोंड उघडतो. असं कुणीही काढेल.”

त्याचा आवाज रडवेला झाला होता. ताईला आतून त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण हाताला पंजा शिवलेला होता. ती म्हणाली, “अजून एकदा करू. मी जोरात गुरगुरते.”

घड्याळवाल्यांनी अजून एकदाची परवानगी दिली, आणि सांगितलं की या वेळी वेळ झाली की कट मीच म्हणेन, मला तसा हुकूम आहे.

दुसऱ्या वेळी ताई निघाली. बाकाखालून सरपटताना तिचा गुडघा फरशीवर आपटला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. तरी ती मुलीसमोर जाऊन उभी राहिली, जबडा उघडला, ठरल्याप्रमाणे गुरगुरली. मुलगी दचकली. इथे संपायचं होतं. पण गुडघ्याने दगा दिला. उभं राहणं जमेना. मग ताईने, आपण या क्षणी प्राणी आहोत की ताई, याचा विचार न करता, जे रोज दुकान आवरल्यावर करायची तेच केलं. हाताने बाक चाचपला, बाकावर हात टेकला, हळूच मुलीच्या शेजारी बसली, दुखरा पाय पुढे लांब केला आणि पंज्याने गुडघा चोळायला लागली. आत तिचा श्वास भात्यासारखा चालला होता. त्याबरोबर प्राण्याचं पोट वरखाली होत होतं.

घड्याळवाले म्हणाले, “कट.” कॅमेरामन एका कानाने तसा बहिरा होताच, त्या दिवशी दुसऱ्यानेही झाला. घड्याळवाले पुन्हा म्हणाले, थोडं हळू. तिसऱ्यांदा काही म्हणाले नाहीत. ती मुलगी जराशी सरकली आणि प्राण्याला बाकावर जास्त जागा करून दिली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ताईने जाळीतून बघितलं. समोर छोट्या उभा होता. इतकी वर्षं या क्षणी तिने पाहिली होती ती त्याची पाठ. मानेवरचे केस, खांदे वर ओढलेले, बस. अशा वेळी समोरून त्याचा चेहरा तिने कधी पाहिलाच नव्हता. आता तो दिसला. तोंड उघडं पडलेलं, रंग उडालेला. लहानपणी खाली न्हाणीघराला निघताना व्हायचा तसाच. म्हणजे घाबरला होता. चांगलाच घाबरला होता. पण डोळे टक्क उघडे होते, आणि त्यातून पाणी वाहत होतं, आणि तो ते पुसतही नव्हता. तो भुताकडे बघत नव्हता, तिच्या त्या पुढे लांब केलेल्या पायाकडे बघत होता. गुडघा चोळणाऱ्या हाताकडे बघत होता. ताई बसून राहिली. तिला उठवेना, आणि तिला उठायचंही नव्हतं.

बऱ्याच वेळाने तो अगदी हळू म्हणाला, “कट.”

घड्याळवाले कॅमेऱ्यापाशी आले. घड्याळ हातात होतं, पण त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

“हे मी कंपनीत काय म्हणून दाखवू?” त्यांनी विचारलं.

“आहे तसं दाखवा,” कॅमेरामन म्हणाला. हे मात्र त्याला स्वच्छ ऐकू आलं होतं.

“दाखवतो,” घड्याळवाले म्हणाले. मग जरा थांबून, “एक सेकंदही कापू देणार नाही,” असं म्हणून ते बाहेर गेले. कंपनीने पुढे काय काय कुरकुर केली ती त्यांनी एकट्याने झेलली, आणि प्रसंग आहे तसाच राहिला.

छोट्या बाकापाशी आला. पाठीवरचे बंद त्यानेच सोडले, आधी चुकीच्या बाजूने ओढून गाठ पाडली, मग सोडले. प्राण्याचं डोकं मागे पडलं आणि आतून घामाने डबडबलेली ताई बाहेर आली, कपाळाला काथ्या चिकटलेला.

“ताई,” तो म्हणाला, “तू म्हातारी झालीस.”

“झाले की. केव्हाच. तुला आत्ता दिसलं?”

“आत्ता बघितलं.”

“भीती वाटली?”

“फार वाटली. अजून वाटतेय.”

ताई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने कपाळावरचा काथ्या ओढून काढला.

“मग हात दे,” ती म्हणाली. “मला एकटीला उठता येत नाहीये.”